कुलूपबंद शाळा आणि मुलांची मने



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्या इतिहासाचे आपण स्वतः साक्षीदार आहोत, त्यातील एक पान आपण अद्याप नीट वाचलेले नाही. ते पान म्हणजे कोरोनाकाळातील विद्यार्थ्यांचे मन.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. दहावीचा भूगोलाचा पेपर आधी लांबणीवर पडला, मग रद्दच झाला. प्रारंभी मुलांना ही सुट्टीच वाटली. पण दिवस लांबत गेले. घरात मोबाइल एक आणि शिकणारी भावंडे तीन. कित्येकांच्या वडिलांचा रोजगार बुडालेला. त्या वर्षी ईदची नमाजही घरातच झाली, गळाभेट नाही. मुले चिडू लागली, नंतर गप्प झाली.

२०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण व अंतर्गत मूल्यमापन धरून राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पेढे वाटले गेले. पण 'कोरोना बॅच' हा टोमणाही त्याच मुलांच्या वाट्याला आला. त्यांचा काय दोष होता?

४ ऑक्टोबर २०२१ पासून शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या, तरी मनावरची टाळेबंदी उठली नाही. ३१ जानेवारी २०२२ रोजी धारावीत विद्यार्थी लेखी परीक्षेविरुद्ध रस्त्यावर उतरले. 'मुले आळशी झाली,' असे आपण म्हणालो. वस्तुतः दोन वर्षांत हाताची लिहिण्याची सवय सुटली होती. परीक्षा लेखीच झाली, पण मंडळाने वेळ वाढवून दिला, तो याच अडचणीमुळे. त्याच सुमारास एनसीईआरटीने देशातील ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांपैकी ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल हेच चिंतेचे कारण सांगितले.

पालकहो, यावरून एवढेच घ्यावयाचे की, मुलाचे मौन म्हणजे उद्धटपणा नव्हे. गुणांआधी 'बाळ, बरा आहेस ना?' एवढे विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, मन जड झाले तर अम्मी-अब्बांना, शिक्षकांना सांगा. शासनाची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. ताप आला तर आपण लपवीत नाही. मग मनाचे दुखणे का लपवावे?

शाळेचे कुलूप शासनाने उघडले. मनाचे कुलूप मात्र आपल्यालाच, घरात बसून, मायेने उघडावयाचे आहे.