गल्लीतल्या इंग्रजीकडे जाताना

पाठ्यपुस्तकातली आणि कचेरीतली इंग्रजी मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. लंडनच्या गोद्यांत, मंडयांत, तुरुंगांत आणि लष्कराच्या बराकींत घडलेली इंग्रजी मात्र ‘स्लँग’ म्हणून दूरच राहते. तिच्या अभ्यासाची परंपरा जुनी आणि मानाची आहे. प्राचीन वास्तूंचे अभ्यासक फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ मध्ये या असभ्य मानलेल्या बोलीचा कोश छापला. पुढे १८५९ मध्ये जॉन कॅम्डेन हॉटन आणि १९३७ मध्ये एरिक पार्ट्रिज यांनी तेच काम नेटाने वाढवले. त्यांनी टिपून ठेवले नसते, तर यातले कितीतरी शब्द बोलणाऱ्यांबरोबरच गेले असते.

मराठी वाचकांनी या विषयात देवळालीच्या वाटेने शिरावे, असे मला मनापासून वाटते. नाशिकजवळच्या या छावणीत नोकरीची मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजे ठरावीक मोसमातच सुटत. मोसम हुकला की महिनोन्‌महिने उन्हाळा, रिकामपण आणि दारू. अशात कोणी भ्रमिष्टासारखा वागू लागला, की त्याला ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! कालांतराने ताप गळाला; ‘डोके फिरलेला’ या अर्थाने ‘डूलॅली’ इंग्लंडात आजही ऐकू येतो. ‘विलायती’चे ‘ब्लायटी’ झाले आणि त्याचा अर्थ मायदेश असा ठरला. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत तर घरी धाडले जाण्यापुरत्या जखमेलाही सैनिक ‘ब्लायटी’ म्हणू लागले. एवढ्याशा शब्दात घरची किती ओढ साठली आहे!

लंडनच्या कॉकनी लोकांची यमकी बोली ही आणखी एक वाट. ‘हेड’शी ‘लोफ ऑफ ब्रेड’चे यमक जुळते, मग यमकाचा शब्दच गाळून नुसता ‘लोफ’ डोक्याचा अर्थ देतो.

व्युत्पत्तीच्या गोष्टी ऐकताना मात्र थोडे सावध असा. ‘बॉब्ज युअर अंकल’ (शब्दशः ‘बॉब तुझा मामा’) म्हणजे ‘झालेच म्हणून समजा’. पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी (नाव रॉबर्ट, त्याचेच लघुरूप ‘बॉब’) यांनी १८८७ मध्ये भाचे आर्थर बाल्फर यांना आयर्लंडचे मोठे पद दिले, त्यावरून हा वाक्प्रचार आला, असे हौसेने सांगितले जाते. गोष्ट सुरेख आहे, नेमणूकही खरी आहे. पण या वाक्प्रचाराचे लिखित पुरावे मिळतात ते थेट विसाव्या शतकातले. म्हणून वाचकांनी कोश उघडल्यावर अर्थाबरोबर पहिल्या नोंदीचे सालही पाहावे.