आठ दाते, एकेचाळीस दाते

मोटारीच्या मागच्या आसात दोन दातेरी चाकं असतात. लहान चाक इंजिनाच्या बळावर फिरतं, मोठं चाक ते बळ गाडीच्या चाकांना देतं. 1950 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजी टीडी ही दोन माणसांची गाडी बाहेर पडू लागली. तिचे दाते होते 8 आणि 41, म्हणजे प्रमाण 5.125. इंजिन 1250 सीसीचं, रस्ते अरुंद, वळणांचे; हिशेब चोख होता.

1958 साली ब्रिटनमध्ये पहिला मोटरवे उघडला. 1962 च्या एमजीबीत प्रमाण 3.9 वर आलं, 1973 च्या व्ही-8 मध्ये तर 3.07 वर. रस्ते असे दात्यांत उतरले!

मोटरवेवर टीडीचं इंजिन आक्रोश करतं. म्हणून काही मालक 1955 च्या एमजीएचा 4.3 चा जोड तिच्यात बसवतात. गाडी शांत होते, पण चढावर धापा टाकते. मूळपणा गेला म्हणून जाणकार नाकं मुरडतात ते वेगळंच. मला त्यांचं पटत नाही, गाडी चालावी. मात्र गिअरबॉक्सवर चालणारा स्पीडोमीटर जुनाच हिशेब धरून बसतो. काटा 50 मैल दाखवतो, तेव्हा गाडी जवळजवळ साठनं धावत असते.