मनगटावरची फीत



चौकांत उभ्या असलेल्या पोलिसाला आपण वाट विचारतों, परंतु हा मनुष्य स्वतः घरीं केव्हां जातो, असा प्रश्न आपणांस सहसा पडत नाहीं. लंडन शहराला तो खऱ्या अर्थानें पडावयास जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं.

रॉबर्ट पील यांनीं १८२९ सालीं तेथील पोलीसदळ उभारलें. साध्या वेषांत हिंडणारा पोलीस लोकांना हेर वाटेल, म्हणून शिपायानें काम संपल्यावरहि गणवेशांतच राहावें असा प्रारंभींचा दंडक होता. मग कामावर कोण व मोकळा कोण, हें कसें ओळखावें? त्यासाठीं डाव्या मनगटावर एक पट्टेदार फीत आली. ती बांधली कीं नोकरी, सोडली कीं संसार!

साप्ताहिक विश्रांतीचा हक्क मात्र कोणालाच नव्हता. १८९० सालीं कॅथेरीन गर्नी या बाईंनीं होव्ह येथें समुद्रकांठीं आजारी पोलिसांसाठीं विश्रामगृह उघडलें, तें लोकांच्या देणग्यांवर. आठवड्याच्या सुटीचा कायदा १९१० सालीं झाला. पण त्याची पुरती अंमलबजावणी होते न होते तोंच महायुद्ध उद्भवलें आणि सुटी तहकूब झाली. महागाई वाढली, पगार मागें राहिला.

त्या वेळचे आयुक्त सर एडवर्ड हेन्री. हे पूर्वीं बंगालचे पोलीसप्रमुख; बोटांच्या ठशांची पद्धति त्यांच्या नांवानें ओळखली जाते, जरी तिचें पुष्कळसें श्रेय अझिझुल हक व हेमचंद्र बोस या सहकाऱ्यांचें आहे. १९१२ सालीं मोटार हांकण्याचा परवाना नाकारला म्हणून एकानें त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तर त्याच्यासाठींच हेन्रींनीं न्यायालयांत दयेची याचना केली! असा मनुष्य कठोर कसा म्हणावा? तथापि आपल्याच शिपायांच्या संघटनेला मान्यता देणें त्यांना रुचलें नाहीं.

संघटनेच्या एका कार्यकर्त्याला बडतर्फ केल्याचें निमित्त झालें, आणि १९१८ च्या ३० ऑगस्टला लंडनचे हजारों पोलीस संपावर गेले. गंमत अशी कीं, त्या समयीं आयुक्तसाहेब स्वतः रजेवर होते. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनीं दुसऱ्याच दिवशीं पुढाऱ्यांना भेटून आठवड्याला १३ शिलिंग वाढ आणि विधवांना निवृत्तिवेतन मान्य केलें. हेन्रींनीं राजीनामा दिला.

पुढल्याच वर्षीं डेस्बरो समितीनें पगाराची किमान पायरी आठवड्यास ७० शिलिंगांवर नेली. त्याच वर्षींच्या कायद्यानें मात्र पोलिसांना कामगार संघटनेची बंदी करून तिच्या जागीं पोलीस फेडरेशन ही सरकारमान्य संस्था दिली. या बंदीविरुद्ध लंडन-लिव्हरपूलकडील दोन हजारांहून अधिक पोलीस पुन्हां संपावर गेले. लिव्हरपूलमध्यें तर दळाचा निम्मा भाग बाहेर पडला. त्या सर्वांना कामावरून काढण्यांत आलें. वाढलेल्या पगाराचा लाभ मागें राहिलेल्यांना झाला. काढलेल्यांपैकीं एकालाहि पुन्हां नोकरीवर घेतलें नाहीं.