पोलॉक, नामुथ आणि कृष्णधवल उन्हाळा

जॅक्सन पोलॉकचं एकही चित्र नीट न पाहिलेल्यांनीही त्याचा एक फोटो पाहिलेला असतो. काळा टी-शर्ट, टक्कल पडू लागलेलं डोकं, हातात रंगाचा डबा, आणि जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर वाकलेला माणूस. फोटो कृष्णधवल आहे. म्हणजे चित्रकाराच्या सगळ्यात प्रसिद्ध प्रतिमेत रंगच नाहीत!

हा फोटो १९५०चा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, स्प्रिंग्ज या गावात पोलॉक राहत होता. जुनं कोठार हाच त्याचा स्टुडिओ. हान्स नामुथ हा मूळचा जर्मन, पस्तिशीतला, फोटोग्राफी शिकत असलेला तरुण. त्या जुलैत ठरल्या वेळी तो पोहोचला, तर पोलॉक म्हणाला, चित्र संपलंय, आता काढण्यासारखं काही नाही. जमिनीवर ओला कॅनव्हास पडला होता. तिघं आत गेले. तिसरी पोलॉकची बायको, ली क्रासनर. नामुथ कॅमेऱ्यातून पाहू लागला आणि पोलॉकने अचानक डबा उचलला. ‘संपलेलं’ चित्र पुन्हा सुरू झालं.

ऑक्टोबरपर्यंत नामुथने पाचशेहून अधिक फोटो काढले. कोठारात उजेड बेताचा, त्यामुळे पोलॉकचा हात आणि रंगाची धार फोटोत धूसर होऊन येई. रंग वजा झाले, चित्र बाजूला राहिलं आणि उरली ती हालचाल. १९५१मध्ये हे फोटो छापून आले. पुढच्याच वर्षी समीक्षक हॅरॉल्ड रोझेनबर्गने लिहिलं की, नव्या अमेरिकन चित्रकारांसाठी कॅनव्हास हे कृती करण्याचं रिंगण झालंय. त्याने पोलॉकचं नाव घेतलं नाही. तरी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नामुथचेच फोटो आले.

याच फोटोंमध्ये क्रासनर मागे स्टुलावर बसलेली दिसते. ती स्वतः कसलेली चित्रकार होती. पण फोटोने तिला प्रेक्षक करून टाकलं आणि बराच काळ लोकांनीही तिला तसंच पाहिलं.

मग नामुथला फिल्म हवीशी वाटली, तीही रंगीत. चित्रकाराचा चेहरा आणि चित्र एकाच वेळी दिसावं म्हणून त्याने पोलॉकला काचेवर चित्र काढायला लावलं आणि कॅमेरा काचेखाली ठेवला. गारठ्यात, उघड्यावर, सांगितल्यावर थांबायचं, सांगितल्यावर पुन्हा सुरू करायचं. एकट्याने करायच्या कामाचा प्रयोग झाला. नोव्हेंबरअखेर चित्रीकरण संपलं त्या संध्याकाळी, सुमारे दोन वर्षं दारूपासून लांब राहिलेल्या पोलॉकने ग्लास भरला. रात्री पाहुण्यांसमोर जेवणाचं टेबल उलटवलं.

कॅमेऱ्यानेच त्याला पुन्हा दारूकडे ढकललं, असं म्हणणं सोपं आहे. पण त्याचं व्यसन जुनं होतं, आणि त्याने स्वतःच नामुथला घरात घेतलं होतं. प्रसिद्धी त्याला हवी होती. ११ ऑगस्ट १९५६ रोजी दारूच्या नशेत गाडी चालवताना तो गेला, ४४व्या वर्षी.

त्याच उन्हाळ्यातलं ‘वन: नंबर ३१, १९५०’ हे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. लांबी सतरा फुटांहून अधिक. मोबाईलवर ते बोटभर दिसतं, आणि नामुथचा फोटो मात्र स्क्रीनवर अगदी नीट मावतो. फोटो जिंकला यामागे हेही एक कारण आहे. म्हणून पोलॉकचा फोटो पुन्हा समोर आला, तर नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली, जमिनीकडे न्यावी. तो स्वतः तिकडेच पाहतोय.