हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे प्रारंभिक पुनर्वसन

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णाला शक्य तितक्या लवकर अंथरुणातून उठवून हिंडते-फिरते करण्याची व कामावर परतण्याजोगे बनवण्याची उपचारपद्धती. आज ती सर्वमान्य असली, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेमके उलट चाले. रुग्णाला सहा-सहा आठवडे निजवून ठेवत. कूस बदलणे, अंग पुसणे, घास भरवणे सारे परिचारिकेने करायचे. 1939 मध्ये मॅलरी, व्हाइट व सॅल्सेडो-साल्गर यांनी शवविच्छेदनांच्या आधारे, हृदयाच्या मृत स्नायूच्या जागी पक्का व्रण तयार होण्यास साधारण सहा आठवडे लागतात असे दाखवले आणि या सक्तीला शास्त्राचे पाठबळ मिळाले. व्रण भरायला सहा आठवडे लागतात म्हणून माणसाने तितके दिवस आडवेच पडावे हे काही त्यातून सिद्ध होत नव्हते. पण तसे कोणी फारसे विचारले नाही.

निजून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत आणि एखादी फुप्फुसात जाऊन अडकली, की हृदयाने तगलेला रुग्ण तिने दगावे. विल्यम डॉक यांनी 1944 मध्ये या दुष्परिणामांबद्दल सडेतोड लिहिले. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयातील सॅम्युएल लेव्हाइन यांचे म्हणणे असे, की आडवे पडल्यावर हृदयाकडे परतणारे रक्त वाढते आणि पाय खाली सोडून बसले की भार हलका होतो. त्यांनी व त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी 81 रुग्णांना झटक्यानंतर लवकरच उचलून खुर्चीत बसवले. ‘आरामखुर्ची उपचारा’चा हा अहवाल 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. निवासी डॉक्टरांना हा रुग्णांच्या जिवाशी खेळ वाटे. ते आपल्याला पाहून नाझी पद्धतीचा सलाम ठोकत, अशी आठवण लाऊन यांनी पुढे सांगितली आहे. रुग्णांचा धीर मात्र खुर्चीत बसल्यावर वाढत असे.

1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. वर उल्लेखिलेले पॉल डडली व्हाइटच त्यांच्यावरील उपचारांत होते. सात आठवड्यांनी अध्यक्ष रुग्णालयातून बाहेर पडले व पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आले. झटक्यानंतरही माणूस कामाचा राहतो, हे यामुळे सर्वसामान्यांना पटले. 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅलस येथील प्रयोगात पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे निजवून ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. अटलांटात नॅनेट वेंगर यांनी रुग्णालयातील हालचालींचे पायरीपायरीने वाढत जाणारे वेळापत्रक बसवले.

आता गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला दिवसा-दोन दिवसांत बसवतात व थोड्याच दिवसांत घरी सोडतात. पुढचा व्यायाम डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत करायचा असतो.