तटस्थांचे मरण

पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता, असे इतिहास सांगतो. मी विचारतो, तटस्थ कोण होते? राज्य होते, खलाशी नव्हते. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्या ब्रिटनभोवतीच्या समुद्रात तटस्थांची व्यापारी जहाजेही इशारा न देता सर्रास बुडवू लागल्या. युद्ध संपेतो नॉर्वेच्या व्यापारी ताफ्याचा जवळजवळ निम्मा टनभार बुडाला; सुमारे २००० खलाशी मेले. त्याच काळात मालवाहतुकीचे दर कडाडले, जहाजमालक गबर झाले. बुडाल्या जहाजाची भरपाई विम्यातून झाली. भट्टीत कोळसा टाकणारा परतला नाही. १९२६ साली स्टाव्हर्नच्या स्मारकात मृत खलाशांची नावे कोरली गेली. ज्यांच्या मरणाची नोंदही होत नसे, अशांचा मी वारस. त्या नावांचे मोल मी जाणतो. पण नफ्याचा हिशेब कुठे कोरला आहे?