अंतरावरचा पट

बदलीचा हुकूम आला की सामान बांधता येते. मित्र बांधून नेता येत नाहीत. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांस हा अनुभव नवा नाही. आपली मुले मात्र हल्ली त्यावर एक तोड काढताना दिसतात. ठरलेल्या रात्री ती संगणकापुढे बसतात आणि मागल्या गावच्या, त्याच्याही मागल्या गावच्या सोबत्यांशी खेळतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशी सोंगे घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करू ते सांगतात, आणि जेथे यशापयशाचा संशय असेल तेथे फासे निकाल देतात. या प्रकारास रोल-प्लेइंग गेम असे नाव आहे. वडीलधाऱ्यांस हे यंत्रयुगाचे खूळ वाटते. परंतु इतिहास पाहू जाता तसे म्हणवत नाही. या खेळात दोन जुने प्रवाह येऊन मिळाले आहेत, आणि योगायोग असा की दोहोंच्या इतिहासात १८२४ हे साल महत्त्वाचे आहे.

त्या वर्षी प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. मूळ कल्पना त्याच्या पित्याची. नकाशावर ठोकळे मांडून दोन पक्ष लढत, पण मध्ये एक पंच असे. खेळाडू आपले हुकूम त्याच्याकडे देत. तो फाशांच्या साह्याने परिणाम ठरवी, आणि शत्रूची हालचाल ज्याला जेवढी दिसणे शक्य तेवढीच त्याला कळू देई. सर्व काही ठाऊक असलेला, परंतु कोणाच्याच बाजूने न लढणारा हा पंच म्हणजे आजच्या सूत्रधाराचा पूर्वज होय.

त्याच १८२४ साली एडिंबरा व लंडन येथील बुद्धिबळ मंडळांनी टपालाने सामना आरंभिला. तो १८२८ पर्यंत चालला व एडिंबराने जिंकला. बुद्धिबळातील ‘स्कॉच’ सुरुवातीचे नाव त्याच सामन्यावरून पडले. आपल्या देशातही हे लोण लवकरच पोहोचले. १८२८ मध्ये मद्रास व हैदराबाद यांच्यात असेच दोन डाव झाले आणि १८२९ साली ते मद्रासेत पुस्तकरूपाने निघाले. त्याचे कर्ते दोघे: मद्रासच्या बाजूचे सूत्र ज्याच्या हाती होते तो गुलाम कासीम, आणि मद्रासच्या मुलकी सेवेतील अधिकारी जेम्स कॉक्रेन. घरापासून हजारो कोस दूर नेमणूक झालेल्या एका मुलकी अधिकाऱ्याचे नाव या इतिहासाच्या आरंभीच यावे, ही गोष्ट आपणांस तरी विशेष जवळची वाटावी.

बुद्धिबळाची खेळी एका ओळीत मावते, म्हणून ती पत्रातून जाऊ शकली. पुढे १९५९ साली अमेरिकेत कॅलहॅमर याने ‘डिप्लोमसी’ हा सात जणांचा खेळ काढला. त्याचा सारा जीव गुप्त तहांत व विश्वासघातांत. तेव्हा तोही पत्रव्यवहारास मानवला. १९६३ पासून जॉन बोर्डमन याने तो ‘ग्राउस्टार्क’ नावाच्या पत्रिकेतून टपालाने खेळविण्यास प्रारंभ केला.

इकडे पंचाची परंपराही अमेरिकेत पोहोचली होती. टॉटन याचा १८८० सालचा युद्धखेळावरील ग्रंथ मिनेसोटात डेव्हिड वेसली याच्या हाती पडला. १९६९ साली त्याने एक वेगळाच डाव मांडला: प्रत्येक खेळाडूस सैन्याऐवजी गावातील एकेका माणसाची भूमिका दिली. पुढे वेसली सैन्यसेवेत गेला आणि त्याचा पट डेव्ह आर्नेसन याने चालू ठेवला. आर्नेसन मिनेसोटात, तर त्याचा सहकारी गॅरी गायगॅक्स शेकडो मैल दूर विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे. पत्रे व दूरध्वनी यांच्या आधारे दोघांनी नियम रचले, आणि १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पहिल्या १००० प्रती निघाल्या. म्हणजे हा खेळच मुळी अंतर राखून राहणाऱ्या दोघांच्या मैत्रीतून सिद्ध झाला.

तथापि तो खेळायचा तर एकाच मेजाभोवती बसणे भाग होते. त्यातील संवाद, मध्येच तोंड घालणे, फासा पडताच होणारा हशा हे टपालाच्या वेगाला झेपणारे नव्हते. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात ट्रबशॉ व बार्टल यांनी अनेकांना एकाच वेळी वावरता येईल असे काल्पनिक जग संगणकावर उभे केले. पण तेथे पंचाची जागा यंत्राने घेतली. मित्रच सूत्रधार आणि तरीही दूर, हा योग आंतरजालावरून आवाज स्वस्तात जाऊ लागल्यावर जुळला. २०१२ साली निघालेले ‘रोल२०’ हे साधन महाविद्यालयात एका खोलीत राहिलेल्या तिघांनी केले. शिक्षण संपून पांगापांग झाल्यावरही खेळ सुटू नये हाच त्यांचा हेतू होता. २०२० मध्ये महामारीने दारे बंद केली तेव्हा कितीतरी मेजे या वाटेने पडद्यावर आली.

पडद्यावर एका ताटातला चिवडा खाता येत नाही, हे खरे. परंतु या दोन शतकांच्या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी येते. पत्र लिहावयाचे तर सांगण्याजोगे काही असावे लागते, आणि वर्षे लोटतात तसे ते आटत जाते. खेळाला तशी अट नाही. पुढची खेळी देणे लागते, म्हणून मनुष्य येतो. आणि आला की खेळींच्या मधल्या जागेत घरच्या दुखण्याखुपण्याची विचारपूस आपोआप होते.

आमचाही एका जुन्या सोबत्याशी पत्राने बुद्धिबळाचा डाव चालला होता. सतराव्या खेळीवर आमची बदली झाली, सामानात कागद गहाळ झाला, आणि उत्तर गेले नाही. त्या गोष्टीस आता बावीस वर्षे झाली. आमचा मुलगा मात्र प्रत्येक नव्या गावी बिऱ्हाड लागण्यापूर्वी इंटरनेटची जोडणी कधी मिळेल हेच प्रथम विचारतो. पूर्वी आम्हांस त्याचा राग येत असे. गेल्या बदलीच्या वेळी जोडणीचा अर्ज आम्हीच स्वतः नेऊन दिला.